पडत्या काळांतील विद्यापीठ

व्यापारांत खोट आली म्हणजे घरखर्चास कात्री लागते, आणि ती कात्री बहुधा पहिल्यानें मुलांच्या शिक्षणावर चालते. लग्नकार्याचा थाट कायम राहतो, मानपान चुकत नाहीं. पण मुलीस शाळेंतून काढावें व मुलास पुढें न शिकवितां पेढीवर बसवावें, हा विचार मात्र ताबडतोब सुचतो. घरांत जें घडतें तेंच राज्यांतही घडतें. तिजोरींत खडखडाट झाला कीं विद्याखात्याची नेमणूक कमी करावयाची, हा राज्यकर्त्यांचा जुना परिपाठ आहे. म्हणूनच ज्या राज्यानें निम्मा मुलूख गमावला असतां व शत्रूची खंडणी डोक्यावर असतां एक नवें विद्यापीठ उभें केलें, त्याची, व तें काम ज्याच्या हातून झालें त्या पुरुषाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. राज्य प्रशियाचें, विद्यापीठ बर्लिनचें, आणि त्या पुरुषाचें नांव विल्हेल्म फॉन हुंबोल्ट.

हुंबोल्टचा जन्म २२ जून १७६७ रोजीं बर्लिनजवळील पोट्सडॅम येथें झाला. बाप प्रशियाच्या सैन्यांतील अधिकारी. तो १७७९ सालीं वारला, तेव्हां मुलगा अकरा वर्षांचा होता. धाकटा भाऊ अलेक्झांडर हा पुढें सृष्टिशास्त्रज्ञ व प्रवासी म्हणून जगभर गाजला. आई सधन होती. तिनें दोघांही मुलांस शाळेंत न घालतां खाजगी शिक्षक ठेवून शिकविलें. ज्यानें पुढें सबंध राज्याच्या शाळांची घडी बसविली, तो स्वतः लहानपणीं शाळेच्या बाकावर बसलाच नव्हता! १७८७ सालीं तो ओडर नदीकांठच्या फ्रँकफुर्ट येथील विद्यापीठांत गेला व १७८८ सालीं तेथून गॉटिंगेन येथें आला. त्या वेळच्या जर्मनींत गॉटिंगेनचें विद्यापीठ नामांकित होतें. तेथें हुंबोल्टनें कायद्याबरोबर ग्रीक विद्येचाही अभ्यास केला, आणि ही ग्रीक विद्येची गोडी त्यास जन्मभर पुरली.

१७९० सालीं त्यानें प्रशियाच्या न्यायखात्यांत नोकरी धरली आणि पुढच्याच वर्षीं ती सोडली. त्याच वर्षीं कारोलीने फॉन डाखरोडेन या सुशिक्षित स्त्रीशीं त्याचा विवाह झाला. नवराबायको एकत्र बसून ग्रीक ग्रंथ वाचीत. १७९२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्यानें सरकारच्या सत्तेस मर्यादा कोठें असावी याविषयीं एक ग्रंथ लिहिला. प्रजेचें रक्षण करणें हें सरकारचें काम. प्रजेचीं मनें आपल्या सांच्यांत ओतणें हें सरकारचें काम नव्हे. मनुष्याच्या अंगचे गुण स्वातंत्र्यावांचून फुलत नाहींत, हें त्याचें सार. हा ग्रंथ समग्र छापून निघाला तो १८५१ सालीं, म्हणजे कर्त्याच्या मरणानंतर सोळा वर्षांनीं. मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील पुस्तकांत त्याचा गौरव केला, आणि मिल्लचे विचार आगरकरांच्या पिढीनें किती आवडीनें वाचले हें वाचकांस सांगावयास नको. तेव्हां हा जर्मन पुरुष आपणांस अगदींच परका नाहीं.

पुढें १७९४ पासून त्याचें वास्तव्य येना येथें झालें व शिलर आणि गेटे या कवींशीं त्याचा स्नेह जडला. १८०२ पासून १८०८ पर्यंत तो प्रशियाचा वकील म्हणून रोम येथें राहिला. तेथें त्याचे दोन मुलगे निवर्तले. तो रोममध्यें असतांनाच त्याच्या देशावर घाला आला. १४ ऑक्टोबर १८०६ रोजीं येनाच्या लढाईंत नेपोलियननें प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडविला आणि त्याच महिन्यांत तो बर्लिन शहरांत शिरला. १८०७ सालच्या टिल्सिटच्या तहानें प्रशियाचा सुमारें निम्मा मुलूख गेला. त्याबरोबर हाल्ले येथील मोठें विद्यापीठही गेलें. तेथील प्राध्यापक पदरीं कांहीं नसतां राजाकडे आले, आणि आमचें विद्यापीठ बर्लिनमध्यें पुन्हां उघडावें असें त्यांनीं त्यास विनविलें. राजास विचार पटला. पण पैसा, जागा व माणसें यांची जुळणी कोण करणार?

ही जुळणी हुंबोल्टनें केली. फेब्रुवारी १८०९ मध्यें, त्याची फारशी इच्छा नसतां, प्रशियाच्या शिक्षणखात्याचें आधिपत्य त्याच्याकडे आलें. दरबार त्या वेळीं बर्लिन सोडून दूर पूर्वेस कोनिग्सबर्ग येथें होता. अवघ्या सोळा महिन्यांत त्यानें प्राथमिक शाळा, मधली शाळा व विद्यापीठ अशा तीन पायऱ्या आंखल्या. सुताराच्या मुलास आधीं मनुष्य म्हणून शिक्षण मिळावें व धंद्याचें शिक्षण त्यामागून यावें, असा त्याचा आग्रह होता. ज्या समाजांत मुलाची जात पाहून त्याची विद्या ठरविण्याची चाल शतकानुशतकें चालली, त्या समाजानें हा आग्रह दोनदां वाचावा.

विद्यापीठाविषयीं मात्र मतभेद मोठा होता. फ्रान्सनें जुनीं विद्यापीठें मोडून धंद्यांचीं निराळीं विद्यालयें काढलीं होतीं, आणि वैद्य, वकील व इंजिनियर तयार झाले म्हणजे राज्याचें काम भागलें, असें प्रशियांतील बऱ्याच मुत्सद्द्यांचेंही मत होतें. हुंबोल्टचें म्हणणें निराळें. ज्ञान ही कोठारांत भरून ठेवलेली व मापानें वांटून द्यावयाची वस्तु नव्हे. तें सदैव अपुरें आहे व सदैव शोधीत राहिलें पाहिजे. जो स्वतः शोध करीत नाहीं तो गुरु खरें शिकवूं शकत नाहीं. आणि शिष्य केवळ ऐकण्यासाठीं नव्हे तर गुरूबरोबर शोधण्यासाठीं येतो. सरकारनें पैसा द्यावा, आणि आपल्या लुडबुडीनें हें काम बिघडतें हें विसरूं नये.

जुलै १८०९ मध्यें त्यानें राजाकडे अर्ज केला व १६ ऑगस्ट रोजीं हुकूम सुटला. राजपुत्र हाइनरिख याचा उंटर डेन लिंडेन रस्त्यावरील वाडा विद्यापीठास मिळाला, आणि विद्यापीठ व त्याच्या जोडीच्या विद्वत्संस्था मिळून सालीना दीड लाख थालरांची नेमणूक ठरली. पेढी चालविणाऱ्या वाचकांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. ही रक्कम दरसाल खजिन्यांतून यावी हें हुंबोल्टला पसंत नव्हतें. सरकारी जमिनी विद्यापीठाच्या नांवें कायमच्या करून द्याव्या, म्हणजे उत्पन्नासाठीं दरवर्षीं कोणाच्या दाराशीं उभें राहणें नको, असा त्याचा बेत होता. त्याच्यामागून आलेल्या अधिकाऱ्यांनीं तो मोडून टाकला. प्राध्यापकांच्या नेमणुका मात्र हुंबोल्टनें स्वतःच सरकारच्या हातीं ठेविल्या. विद्वानांतील हेवेदावे व तट त्यास ठाऊक होते, म्हणून त्यानें असें केलें; पण पुढें हेंच दार घातक ठरलें.

ऑक्टोबर १८१० मध्यें २५६ विद्यार्थी व ५२ अध्यापक यांसह विद्यापीठ सुरू झालें. फिश्टे, श्लायरमाखर, साव्हिनी, हूफेलांट, नीबूर असे पुरुष तेथें शिकवूं लागले. हुंबोल्ट मात्र तेथें अधिकारावर नव्हता! दरबारशीं न पटल्यामुळें त्यानें आधींच राजीनामा दिला होता व व्हिएन्नाच्या वकिलातीवर त्याची नेमणूक झाली होती. १८१९ सालीं तो मंत्रिमंडळांत आला. पण विद्यापीठांवर व वर्तमानपत्रांवर देखरेख बसविणाऱ्या कार्ल्सबाडच्या ठरावांस त्यानें विरोध केला, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशीं त्यास निरोप मिळाला. उरलेलें आयुष्य त्यानें टेगेल येथें भाषांच्या अभ्यासांत घालविलें. संस्कृत भाषा तो बॉप या पंडिताजवळ शिकला, त्याच बॉपला १८२१ सालीं त्याच्या शिफारशीनें बर्लिन येथें जागा मिळाली, आणि १८२५ व १८२६ सालीं हुंबोल्टनें तेथील विद्वत्सभेंत भगवद्गीतेवर निबंध वाचले. ८ एप्रिल १८३५ रोजीं त्याचें देहावसान झालें.

त्यानें लावलेलें झाड मोठें झालें, पण त्यास कीड लागली नाहीं असें नव्हे. ज्याची पत्नी त्याच्या बरोबरीनें ग्रीक वाची, त्याच्या विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना रीतसर उघडण्यास १९०८ साल उजाडावें लागलें. त्याच दरवाज्यानें आमच्या इरावतीबाई कर्वे आंत गेल्या. १९२८ पासून १९३० पर्यंत जर्मनींत राहून त्यांनीं बर्लिनची डॉक्टर ही पदवी मिळविली. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील फरक हा त्यांचा विषय. त्यांचे गुरु ऑइगेन फिशर वंशावंशांत उच्चनीच मानणारे; परंतु बाईंनीं कवट्या मोजल्या, आणि या फरकाचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं, असें गुरूंच्या मताविरुद्ध लिहून दिलें. हुंबोल्टच्या तत्त्वाची याहून चांगली कसोटी आम्हांस माहीत नाहीं. पुढें १९३३ सालीं नाझी सत्तेवर आले. तेच फिशर विद्यापीठाचे कुलगुरु झाले, यहुदी व विरोधी मताच्या अध्यापकांस काढून टाकण्यांत आलें, आणि १० मे रोजीं विद्यापीठासमोरच्या चौकांत ग्रंथांची होळी झाली. नेमणुकीचें दार सरकारच्या हातीं होतें, आणि जमिनीचा आधार केव्हांच बारगळला होता.

युद्धानंतर शहराबरोबर विद्यापीठही दुभंगलें. जाचास कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं १९४८ सालीं पश्चिम बर्लिनमध्यें स्वतंत्र विद्यापीठ काढलें, व १९४९ सालीं जुन्या विद्यापीठास हुंबोल्ट बंधूंचें नांव देण्यांत आलें. २५६ विद्यार्थ्यांनीं सुरू झालेल्या त्या संस्थेंत आज तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात.

आमच्यांतील दात्यांस आम्ही एवढेंच विनवितों. पडत्या दिवसांत विद्येवरचा खर्च शेवटीं कापावा. शाळेस दान द्यावयाचें तर असें द्यावें कीं, मास्तरांस दरसाल आपल्या ओटीवर हात जोडून बसावें लागूं नये. आणि दान दिल्यावर कोणास नेमावें, कोणतें पुस्तक शिकवावें व कोणत्या जातीच्या मुलास आंत घ्यावें, हें सांगण्यास पुन्हां त्या शाळेच्या दाराशीं जाऊं नये.