बडोद्याच्या इंदिराराजे

स्मरणिकेसाठी आवडीच्या विषयावर लिही, असा निरोप आला. इतिहासाच्या बाईंनी आपल्याकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण जुने फोटो निरखायची सवयही मला त्यांच्यामुळेच लागली. म्हणून लिहिते आहे बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई आणि त्यांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे यांच्याविषयी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे त्यांचे फोटो पाहिले, की या घरात मायलेकींचा कधी वाद झाला असेल असे वाटतच नाही.

इंदिराराजांचा जन्म १८९२चा. वडील सयाजीराव गायकवाड. १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे. आई मूळची देवासची, घाटग्यांची. चिमणाबाईंनी १९११ साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर एका सहलेखकाबरोबर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पुढे पुण्यात १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षही त्याच. अशा आईने मुलीचे लग्न मात्र ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरवले. ते वयाने सोळा वर्षांनी मोठे, शिवाय त्यांची पहिली राणी हयात.

१९११च्या दिल्ली दरबारात इंदिराराजांची ओळख कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी झाली. घरी कुणालाही न विचारता त्यांनी माधवरावांना पत्र लिहून लग्नाला नकार कळवला. ग्वाल्हेरहून सयाजीरावांना तार आली, मुलीच्या पत्राचा अर्थ काय? आईवडिलांना हे सारे त्या तारेनेच कळले.

मैत्रिणींनो, आपल्या वर्गातल्या कितीतरी जणींची लग्ने घरच्यांनी परस्पर ठरवली. चाटी गल्लीत बस्ता बांधून झाल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप होती? आणि इथे तर दोन संस्थानांची सोयरीक मोडली होती.

चिमणाबाईंनी दीड वर्ष विरोध केला. शेवटी ऑगस्ट १९१३मध्ये लंडनला लग्न झाले, आईवडील आले नाहीत. काही दिवसांतच थोरले दीर वारले आणि जितेंद्र गादीवर बसले. पाच मुले झाली: इला, गायत्री, मेनका या मुली आणि दोन मुलगे. डिसेंबर १९२२मध्ये जितेंद्रही गेले. तिशीतल्या इंदिराराजांनी अज्ञान मुलाच्या वतीने पुढे अनेक वर्षे संस्थानाचा कारभार पाहिला. त्यांच्या पांढऱ्या शिफॉनच्या साड्यांबद्दल फार लिहिले जाते, कारभाराबद्दल त्या मानाने कमी. नातवंडे बडोद्याला आजोळी येऊ लागली; म्हणजे मायलेकींमधला दुरावा कधीतरी मिटला असणार.

आता इंदिराराजांचेही मुलींबरोबर फोटो निघू लागले. गायत्रीने जयपूरच्या सवाई मानसिंगांशी लग्न करायचे म्हटले, तेव्हा त्यांच्या दोन राण्या हयात होत्या. इंदिराराजांना ते मुळीच रुचले नाही. मला इथे त्यांचा राग येत नाही. सवतीच्या घरात जायला नको म्हणून ज्या बाईने स्वतः एवढे केले, तिची मुलगी तिसरी राणी व्हायला निघाली होती! त्यांनी थांबायला लावले, वाट पाहायला लावली, पण अखेर १९४० साली लग्न लावून दिले, आणि त्या लग्नाला आई म्हणून हजर होत्या.

मेनका देवासच्या धाकट्या पातीत पडली, म्हणजे आजी चिमणाबाईंच्या माहेरच्या गावी. चिमणाबाई १९५८ साली वारल्या. त्यांच्यानंतर दहा वर्षांनी इंदिराराजे मुंबईत गेल्या.