पाखरांवर रोखलेली बंदूक

बंदूक पाखरावर रोखायची, चाप ओढायचा आणि पाखरू मात्र सुखरूप उडून जायचे! १८८२ साली इटलीतल्या नेपल्स इथे एक फ्रेंच गृहस्थ अशी शिकार करत.

हे एतिएन-ज्यूल मारे. १८३० साली बोन गावी जन्मलेले, शिक्षणाने डॉक्टर. ध्यास मात्र पंखांचा. त्यांची बंदूक सेकंदाला १२ छायाचित्रे टिपे, पण ती फार चिमुकली. मग एकाच काचेवर सारे उड्डाण टिपू गेले, तर पंखांवर पंख चढून गुंता झाला. हाताने रेषा ओढून तो सोडवणे सोपे होते. पण मग खरे काय उरले असते?

मारेंनी पांढरे पक्षी काळ्या पार्श्वभूमीपुढून उडवले; बाजूने, समोरून, वरूनही टिपले. त्यांवरून १८८७ मध्ये कुरव पक्ष्याच्या मूर्ती घडवल्या, एकेका क्षणाची एकेक. त्या फिरत्या चक्रात मांडल्या की पक्षी उडू लागे! मांडणी कल्पनेची, पंखांची ठेवण मात्र छायाचित्रातलीच.

१९०४ मध्ये मारे गेले. आज संगणकावर आपण पाखरामागचे आभाळ सहज बदलतो. बदलावेही, पंखाला मात्र हात लावण्यापूर्वी या शिकाऱ्याला आठवावे.