वर्गांतून कायदेकौन्सिलांत : नामदार गोखले

शाळेंत शिकलेल्या गणिताचा पुढें उपयोग काय, असा प्रश्न आमच्या वर्गांत वरचेवर निघतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रांत त्याचें उत्तर सांपडतें, म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

गोखले यांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. बालपणींच पितृछत्र हरपलें. वडील बंधूंनीं १५ रुपयांची नोकरी पत्करून त्यांतले ८ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठीं पाठविले. १८८४ सालीं गोखले बी. ए. झाले, परंतु द्रव्याच्या मागें न लागतां ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत अल्प वेतनावर त्यांनीं गणित, इतिहास व अर्थशास्त्र शिकविलें. अंकगणिताचें एक पाठ्यपुस्तकही त्यांनीं रचिलें.

न्यायमूर्ति रानडे हे त्यांचे गुरु. सरकारी अहवाल व जमाखर्चाचे आंकडे बारकाईनें तपासावयाचे, ही शिस्त गोखल्यांस त्यांच्यापासून लागली. १८९७ सालीं लंडनमध्यें हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली, तेव्हां तो अभ्यास कसास उतरला.

त्याच सफरींत मात्र त्यांच्या हातून एक चूक घडली. पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत सोल्जरांनीं जुलूम केल्याच्या बातम्या पत्रांतून आल्या, त्या त्यांनीं विलायतेंत प्रसिद्ध केल्या. परत आल्यावर पुरावा मिळेना, म्हणून त्यांनीं जाहीर माफी मागितली. स्वकीयांनींही त्यांची निर्भर्त्सना केली. ती त्यांनीं मुकाट्यानें सोसली, पण लोककार्य सोडलें नाहीं.

ता. २६ मार्च १९०२ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत त्यांचें बजेटावरील पहिलें भाषण झालें. तिजोरींतील शिल्लक हें भरभराटीचें लक्षण आहे, असें सरकार मानी. गोखल्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें कीं, रुपयाचा भाव चढविल्यामुळें विलायतेस पाठवावयाच्या रकमेस कमी रुपये पुरूं लागले; पण भाव घसरत असतां वाढविलेले कर तसेच राहिले. दुष्काळानें गांजलेल्या रयतेकडून जरुरीपेक्षां अधिक घेतलेला तो पैसा होता. मिठावरील कर उतरावा, ही मागणी त्यांनीं पुढेंही चालू ठेविली. मणास २॥ रुपये असलेला हा कर १९०३ सालीं २ रुपये, १९०५ सालीं १॥ रुपया व १९०७ सालीं १ रुपया झाला. गरिबाच्या भाकरीबरोबरचें मीठ स्वस्त करण्यास वर्गांतील विद्या अशी कामीं आली.

१९११ सालीं त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. परदेशांतील शाळांचे आंकडे व खर्चाचा अंदाज सर्व तयार होतें. तरी १९१२ सालीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले निवर्तले. त्यांचा विचार मात्र मागें राहिला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला.

विद्यार्थीबंधुभगिनींनो, खरें ज्ञान असलें तरी प्रत्येक मत जिंकतां येत नाहीं, हें या चरित्रावरून दिसतें. परंतु आधीं पडताळावें, मग बोलावें, आणि चुकल्यास कबूल करावें, एवढें तर आपल्या हातीं आहे. उद्यां गणिताची वही उघडतांना गोखल्यांचें स्मरण झालें, तर आमचा हा लेख सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.