प्राध्यापक मेघनाद साहा

तुमच्या घरातला मुलगा विज्ञानाच्या वर्गात बसत असेल, तर मेघनाद साहांचे नाव त्याच्या कानावर घाला. ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली गावी एका गरीब किराणा दुकानदाराच्या घरी ते जन्मले. पुढची शाळा दूर सिमुलियाला होती, आणि वडिलांची इच्छा पोराने दुकानावर बसावे अशी. थोरल्या भावाने खटपट करून अनंतकुमार दास या डॉक्टरांकडे त्यांची राहण्याजेवण्याची सोय लावली. अट एवढीच, की आपले ताट आपण घासायचे आणि गाय सांभाळायची.

१९०५ मध्ये गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घातला म्हणून ढाक्याच्या सरकारी शाळेने काढून टाकले व शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेतून १९०९ साली ते पूर्व बंगालमध्ये पहिले आले.

१९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. वसतिगृहातील उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका पंगतीला बसण्यास नकार दिला. ही पंगत तुम्हांला नवी नाही. पण तिथे कोणाच्या पंक्तीला कोण हे ठरवणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवतात?

१९२० साली त्यांनी आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध केले. ताऱ्यांचा प्रकाश निरनिराळा का दिसतो? द्रव्य बहुतेक तेच असते. उष्णता आणि दाब यांनुसार अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रकाशातल्या रेषा बदलतात, हे त्यांनी गणिताने दाखविले. १९२३ ते १९३८ अशी पंधरा वर्षे ते अलाहाबाद विद्यापीठात शिकवत होते. मधेच, १९२७ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. बी. एन. श्रीवास्तव यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या उष्णताशास्त्राच्या ग्रंथावर किती पिढ्या शिकल्या! सारे काही वेदांत आहे म्हणणाऱ्यांना त्यांनी उलट विचारले, की ते नेमके कुठे आहे? आपण वेद वाचले, तसे काही सापडले नाही, असे ते स्पष्ट सांगत.

१९५२ साली ते अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, आणि त्याच वर्षी पंचांग-सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले. जुन्या पंचांगाचे वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे. चोवीस मिनिटे म्हणजे काय, असे वाटेल. पण चौदाशे वर्षांत ती साठून तेवीस दिवसांची चूक झाली. ज्या मुहूर्तांसाठी माणसे अडून बसत, त्यांचा पायाच सरकलेला होता! समितीने राष्ट्रीय दिनदर्शिका सुचविली. ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. साहा मात्र १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जाताना हृदयविकाराने गेले होते. भारताच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत छापलेले शक तुम्ही पाहा, ते त्याच दिनदर्शिकेचे आहे.