गोणाईचा नामा

आपल्या हिंगोली जिल्ह्याचे भाग्य थोर, म्हणून कयाधूकाठचे नरसी हे गाव आपल्या वाट्यास आले. श्रीनामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून आपण ते पूज्य मानतो. त्यांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधील कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिंप्याचा आणि घराण्यात पंढरीची वारी. पुढे हे कुटुंब पंढरपुरासच राहिले.

महाराजांचे कर्तृत्व कीर्तनकारांच्या मुखाने आपण नेहमी ऐकतो. स्मरणिकेच्या निमित्ताने मला सांगावेसे वाटते ते त्यांच्या बाळपणाविषयी, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईबापांविषयी.

नैवेद्याची कथा आपणांस ठाऊकच आहे. दामाशेटी परगावी गेले होते. गोणाईने ताट वाढून लहानग्या नामाच्या हाती दिले. पोराने ते विठ्ठलापुढे ठेवले आणि देव जेवीना म्हणून हट्ट मांडला. बरोबरीच्या सवंगड्याशी रुसावे तसा तो देवाशी रुसला, रडला, डोके आपटून घेईन म्हणाला. अखेर देव जेवला आणि नामा रिकामे ताट घेऊन घरी आला, असे महिपतीबुवांनी भक्तविजयात वर्णिले आहे.

हा चमत्कार घडला की नाही, या वादात मी पडत नाही. मला मोलाचे वाटते ते पुढचे. रिकामे ताट पाहून आईला नवल वाटले. खाऊन टाकलेस आणि वर खोटे बोलतोस, असे म्हणून पाठीत धपाटा घालणे किती सोपे होते! पण बाप गावाहून परतला, त्याने मुलाचे बोलणे ऐकून घेतले, आणि खरे काय ते पाहावयास तो मुलाबरोबर राउळात गेला. पोराच्या बोबड्या बोलाला या घरात किंमत होती.

गोणाईने नुसते लाडच केले, असे मात्र नव्हे. नामा मोठा झाला, संसार वाढला, तरी त्याचे चित्त शिवणात लागेना. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा तिने मुलाला बोल लावले आणि माझे लेकरू मला परत दे म्हणून प्रत्यक्ष विठोबाशीही भांडण मांडले. तिच्या नावाचे ते अभंग नामदेव गाथेत आहेत. पत्नी राजाईची गाऱ्हाणीही तेथेच आहेत. नारा, विठा, गोंदा, महादा हे चौघे पुत्र, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, सून लाडाई आणि घरची दासी म्हणविणारी जनाबाई यांच्याही नावांवर अभंग आहेत. एकाच घरातील इतक्या जणांनी, त्यांतही बायकांनी, आपले मन मोकळे करावे, असे उदाहरण विरळाच. जेथे लहान मुलाचे ऐकून घेतात, तेथे सुनेलाही बोलता येते आणि दासीलाही!

महाराजांनी स्वतः श्रीकृष्णाच्या बाळक्रीडेचे अभंग रचले. यशोदेचे कौतुक गाताना त्यांना आपली आई आठवत असेल, असे मला आपले वाटते.

कौतुकाबरोबर पारखही हवीच. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, तेव्हा नामाचे मडके कच्चे ठरले, अशी कथा आहे. मग आपल्याच जिल्ह्यातील औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश झाला. पुढे ज्ञानेश्वर माउलींबरोबर तीर्थयात्रा झाली, आणि नंतर थेट पंजाबातील घुमानपर्यंत त्यांनी नाम पोहोचविले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये त्यांनी देह ठेवला. पंढरीच्या महाद्वारातील नामदेव पायरीला पाय न लावता आपण आत जातो.

भगिनींनो, मडके भाजण्याचे काम गुरू करतील, जग करील. परंतु माती ओली असते ती आपल्या हाती. पोर बाहुलीला घास भरवू लागले, झाडाशी गप्पा मारू लागले, की आपण चटकन म्हणतो, पुरे तुझा चावटपणा! त्या वेळी हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून, बाहुली जेवली का, एवढे तरी विचारावे. प्रत्येक घरी नामदेव जन्मत नाही हे खरे. पण ज्याचे बोलणे कोणी ऐकले, असे मूल प्रत्येक घरी वाढू शकते.