कोंबडीच्या गाठीतले गुपित

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९०९ साली एक कोंबडी आली. प्लायमाउथ रॉक जातीची, अंगावर करडे पट्टे असलेली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. ती तपासणारे डॉक्टर पेटन राउस तेव्हा जेमतेम तिशीचे होते. त्या गाठीने त्यांना आयुष्यभर सोडले नाही.

राउस यांचा जन्म १८७९ साली बाल्टिमोरचा. वडील लवकर गेले. आईने तीन मुलांना एकटीने वाढवले. वैद्यकीचे शिक्षण घेताना शवविच्छेदन करीत असता क्षयाने पोखरलेल्या हाडाने त्यांचे बोट कापले आणि क्षय काखेतल्या गाठीपर्यंत चढला. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती सुधारावी म्हणून हा विद्यार्थी टेक्सासच्या मोकळ्या रानात गुरांमागे हिंडला. बरा होऊन परतला आणि १९०५ मध्ये डॉक्टर झाला.

कोंबडीची गाठ त्यांनी वाटली आणि तिचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला. पेशी सोडाच, जिवाणूसुद्धा त्यातून पार होत नव्हते. तो नितळ रस निरोगी कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही कर्करोग झाला! याचा अर्थ एकच, विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो. हा शोध १९११ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तज्ज्ञांनी तो मनावर घेतला नाही. उंदरांवर तसेच प्रयोग करून पाहिले. यश आले नाही. राउस यांनी तो विषय बाजूला ठेवला.

ते स्वस्थ मात्र बसले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, त्यांनी सहकारी टर्नर यांच्यासह सायट्रेट आणि साखर वापरून रक्त टिकवण्याचा उपाय शोधला. त्याच्याच आधाराने पुढल्या वर्षी युद्धभूमीवर रक्ताचा साठा उभा राहिला. आजच्या रक्तपेढीचे मूळ तिथे आहे.

अखेर जगाला त्यांचे म्हणणे पटले. १९६६ मध्ये, शोधानंतर ५५ वर्षांनी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत पाहा, त्या वेळीही ते एका मतावर अडून होते. पेशीतल्या जनुकांत बदल होऊन कर्करोग होतो, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. १९७० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आणि सहाच वर्षांनी उत्तर मिळाले, तेही त्यांच्याच विषाणूत! कॅलिफोर्नियातील मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये दाखवून दिले, की या विषाणूतले कर्करोग घडवणारे 'सार्क' जनुक मूळचे कोंबडीच्याच निरोगी पेशीतले. विषाणूने ते कधीकाळी उचलले होते. विषाणूतल्या या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला लगाम घालणारा शेवटचा तुकडा उरलेला नव्हता. दिव्याचे बटण चालू स्थितीतच अडकून बसावे, तशी गत.

हे बटण अडकले की काय होते? निरोगी पेशी शेजारणींचा हात धरून आपापल्या जागी राहते. 'सार्क' बेलगाम झाला, की ही पकड सैल होते. पेशी आकार बदलते, सरकू लागते, भोवतालच्या जाळ्यातून वाट काढते. माणसाच्या कर्करोगातही असेच घडते. जनुकांतले असे अनेक बदल साचत गेले, की काही पेशी रक्तातून वा लसिकेतून फुफ्फुस, यकृत, हाडे यांपर्यंत पोहोचतात. वाटेत बहुतेक मरतात. तगलेल्या थोड्या नवे ठाणे मांडतात. कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू या पसरण्यामुळेच होतात. म्हणूनच गाठ जागच्या जागी असतानाच ओळखणे मोलाचे.

एक गैरसमज मात्र नको. त्या कोंबड्यांप्रमाणे माणसाचा कर्करोग रोग्याजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने लागत नाही. रोग्याला दूर लोटण्याचे काहीच कारण नाही.

राउस यांचा प्रयोग अचूक होता, मत चुकले. तरीही ज्या दारातून इतर पुढे गेले, ते दार त्यांनीच उघडले होते. शास्त्रज्ञाचे मत त्याच्याबरोबर जाते. नीट केलेला प्रयोग मागे राहतो आणि बोलत राहतो.