कार्ल पिअर्सन: तुमच्या ॲपमधल्या बटणामागचा माणूस

मी ॲप बनवतो. अर्ध्या युजर्सना निळं बटण, अर्ध्यांना हिरवं दाखवायचं आणि कुठलं जास्त दाबलं जातं ते बघायचं, हे आमचं नेहमीचं काम. समजा, प्रत्येकी १०० जणांपैकी निळं ३२ जणांनी दाबलं आणि हिरवं ४८ जणांनी. हा रंगाचा परिणाम की नुसता योगायोग? हे तपासायची पद्धत कार्ल पिअर्सन यांनी दिली.

पिअर्सन यांचा जन्म १८५७ मध्ये लंडनला झाला. केंब्रिजला गणित शिकून ते १८८४ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये प्राध्यापक झाले. १९०० मध्ये त्यांनी काय-स्क्वेअर चाचणी मांडली. अशा चौकटींच्या तक्त्याला कंटिन्जन्सी टेबल हे नावही त्यांचंच, १९०४ मधलं.

पद्धत सोपी आहे. रंगाचा काहीच संबंध नसता, तर एकूण ८० क्लिक ४०-४० असे वाटले गेले असते आणि न दाबणारे ६०-६०. आता प्रत्येक चौकटीत खरा आकडा आणि हा अपेक्षित आकडा यांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, अपेक्षित आकड्याने भागा. चारही उत्तरांची बेरीज येते ५.३३.

ही बेरीज किती मोठी हवी? इथे खुद्द पिअर्सन चुकले. त्यांनी चारपैकी तीन चौकटी मोकळ्या धरल्या. आजच्या ५ टक्क्यांच्या नियमाने त्यासाठी ७.८१ ओलांडावे लागतात, म्हणजे आपला फरक योगायोग ठरतो. पण आडव्या-उभ्या बेरजा ठरलेल्या असतील, तर एक चौकट भरली की बाकीच्या तीन आपोआप भरतात. १९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी हे दाखवून दिलं. मग मर्यादा होते ३.८४ आणि त्याच डेटाचा निकाल उलटतो! पिअर्सन यांनी हे मानलं नाही. आजची सॉफ्टवेअर्स मात्र फिशर यांचाच नियम वापरतात.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच. माणसांचा 'वंश सुधारायचा' या युजेनिक्सच्या विचाराचे ते कट्टर समर्थक होते. १९११ मध्ये ते त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. लंडनमधल्या स्थलांतरित ज्यू मुलांची मोजमापं घेऊन, १९२५ मध्ये त्यांनी त्यांना कमी लेखणारे निष्कर्ष छापले. १९३६ मध्ये ते वारले. २०२० मध्ये त्यांच्याच विद्यापीठाने इमारतीवरून त्यांचं नाव काढलं.

टेबल एवढंच सांगतं, की दोन गोष्टींचा संबंध दिसतोय का. तो का आहे, हे ते सांगत नाही. आणि माणसांना कुठल्या रकान्यात टाकायचं, हे तर आपणच ठरवतो. पुढच्या वेळी कुठलाही सर्व्हे शेअर करण्याआधी त्याचे रकाने एकदा नीट बघा.